भोकांची डिस्क की खाचांची डिस्क: कूलिंग नेमकं कोण करतं ते आधी बघा

महिन्यातून एकदा तरी कुणीतरी फोटो पाठवतंच. लाल रंगवलेला कॅलिपर (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा), त्याच्यामागं भोकं पाडलेली ब्रेकची चकचकीत डिस्क आणि खाली प्रश्न, "भाऊ घेऊ का, दुकानवाला म्हणायलाय कूलिंग लई भारी होतं." मी दरवेळी तेच तेच टाईप करायलो, आता एकदाच सगळं लिहून टाकतो.

बाईकची डिस्क काय असते ते तुम्हाला सांगायची गरज नाही, ज्या भागात वाळूजला बजाजचा कारखाना आहे तिथली पोरं आपण, भोकांची डिस्क लहानपणापासून बघत आलोय. पातळ, स्टीलची, चार-पाच मिलिमीटर जाडीची, उघड्यावर फिरणारी. तिथं भोकं वजन कमी करतात, पाणी-चिखल झटकतात, सगळं बरोबर.

घोळ इथंच होतो. बाईकचं गणित माणूस तसंच उचलतो आणि कारला लावतो. कारची पुढची डिस्क म्हणजे वेगळंच जनावर, बिडाची असते (ओतीव लोखंडाचं बीड, जिल्हा नव्हे), वीस-पंचवीस मिलिमीटर जाड, आणि खरी गोष्ट तिच्या पोटात असते. दोन चकत्या आणि त्यांच्यामध्ये उभ्या पात्या. चाक फिरलं की हबजवळून (चाकाच्या मधल्या भागाजवळून) हवा आत ओढली जाते आणि कडेनं बाहेर फेकली जाते. विहिरीवरच्या मोटारीचा इम्पेलर उघडून बघितलाय ना? अगदी तेच काम, फक्त पाण्याच्या जागी हवा. कूलिंग होतं ते इथं. वरच्या तोंडावर भोकं पाडली काय किंवा खाचा मारल्या काय, त्यानं फार फरक पडत नाही. भोकांनी पृष्ठभाग थोडा वाढतो, नाही असं नाही, पण त्याची किंमत दुसरीकडं मोजावी लागते.

किंमत कुठली ते आकड्यात बघू. माणसं-सामान धरून 1600 किलोची गाडी समृद्धीवर 120 नं चाललीय आणि तुम्ही ती पूर्ण थांबवली, तर साधारण 890 किलोज्यूल उष्णता तयार होते. 60 वरून थांबवली असती तर याच्या चौथा हिस्सा, कारण वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. यातली सत्तर टक्के पुढच्या दोन डिस्कनी घेतली आणि एकेक डिस्क नऊ किलोची धरली, तर एका ब्रेकमध्ये डिस्क जवळपास 75 डिग्रीनं तापते. त्या तीन-चार सेकंदात हवा काहीच करू शकत नाही, उष्णता प्यायचं काम एकट्या लोखंडाचं. हवा नंतर सावकाश गार करते. म्हणजे ब्रेक दाबला त्या क्षणी तुम्हाला वाचवतं ते डिस्कचं वजन, आणि भोकं पाडणं म्हणजे तेच वजन काढून टाकणं. कूलिंगच्या नावाखाली माणूस पैसे देऊन उष्णता साठवायची जागा कमी करून आणतो, आणि वर खूश.

कन्नडचा घाट उतरताना न्यूट्रल टाकणारे महाभाग आहेत आपल्याकडं, त्यांच्यासाठी एक हिशोब: हीच गाडी 200 मीटर खाली उतरली की 120 वरून साडेतीन वेळा पूर्ण थांबवण्याइतकी उष्णता होते. न्यूट्रलमध्ये ती सगळी ब्रेकवर येते. गियर खाली घ्या, थोडा भार इंजिन उचलतं, फुकटात अपग्रेड.

मग भोकं आली कुठून? जुन्या काळचे पॅड (डिस्कला घासून गाडी थांबवणारे तुकडे) तापले की गॅस सोडायचे, पॅड आणि डिस्कच्या मध्ये त्याचा थर बसायचा, त्याला वाट द्यायला भोकं आणि खाचा. आजचे चांगले पॅड तेवढा गॅस सोडत नाहीत. उरलेलं काम म्हणजे पाणी आणि पॅडची भुकटी झटकणं, पॅडचं तोंड साफ ठेवणं. ते भोकांची आणि खाचांची दोन्ही डिस्क करतात, फरक एवढाच की खाच वरच्यावर खरवडलेली असते, आरपार जात नाही, आणि भोक आरपार जातं. आरपार गेलं की तडा तिथूनच सुरू होतो.

एका मित्राची डिस्क मी हातात घेऊन बघितलीय. स्वस्तातली, साध्या डिस्कला नंतर ड्रिल मारून केलेली. लांबून नवी वाटायची. उन्हात तिरपी धरली तर भोकापासून भोकापर्यंत केसासारखी रेघ, नख फिरवलं की अडकायलं. तापलेल्या डिस्कवर बारीक जाळी दिसणं वेगळं, ती चालते, पण तडा भोकाला जोडला गेला किंवा कडेपर्यंत पोचला की ती डिस्क भंगारात, लेथवर घासून आणायचा विचार सुद्धा नको.

"मग पोर्शेला भोकं असतात ते?" हा प्रश्न येतोच. असतात, कारण तिथं डिस्क मुळातच दांडगी असते, भोकं कुठं आणि किती हे डिझाईनमध्ये ठरलेलं असतं, आणि ओल्या रस्त्यावर पहिला चावा चांगला बसतो. पण त्याच कंपनीची रेसवाली 911 कप बघा, तिला खाचांच्या डिस्क असतात. पोर्शेचं भोक आणि गल्लीतल्या ड्रिल मशीनचं भोक एकच समजू नका राव.

भोकं आणि खाचा दोन्ही असलेली डिस्क? दोघींचे तोटे एकत्र. पुढं चला.

खाचांच्या डिस्कचेही नखरे आहेत, पॅड जरा लवकर झिजतात, जोरात ब्रेक मारला की घर्रर्र आवाज येतो, बायको विचारते गाडीला काय झालं. एवढं सोडलं तर घाटात रेटणाऱ्याला किंवा कोइंबतूर-चेन्नईला ट्रॅकवर जाणाऱ्याला मी तीच सांगतो. बाकी सगळ्यांना, आणि त्यात ऑक्टाव्हिया आरएसवाले पण आले, चांगल्या कंपनीची साधी हाय कार्बन डिस्क, बरे पॅड आणि ताजं ब्रेक ऑइल. पॅडल स्पंजासारखं खाली जायलं तर ऑइल उकळलंय, पॅडल दगडासारखं टणक पण गाडी थांबंना तर पॅड तापलेत. दोन्हीमध्ये डिस्क बदलून काही होत नाही. डॉट 4 (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) नवं असताना किमान 230 डिग्रीला उकळतं, ओल धरली की 155 ला सुद्धा उकळू शकतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदला.

आता माझ्या डोक्यात जाणारी गोष्ट. काही डिस्कच्या आतल्या पात्या वाकड्या असतात, म्हणजे डावी-उजवी वेगळी. मेकॅनिक वरच्या खाचांची दिशा बघून बसवतो. चूक! दिशा ठरते आतल्या पात्यांवरून, पात्यांची बाहेरची टोकं फिरण्याच्या उलट्या बाजूला, मागं झुकलेली पाहिजेत, इम्पेलरसारखीच. एका नामांकित म्हणवणाऱ्या गॅरेजनं माझ्याच गाडीच्या दोन्ही बाजू अदलाबदल करून दिल्या होत्या, मी टायर काढून कडेच्या फटीत टॉर्च मारला तेव्हा कळलं.

आणि नवीन डिस्क बसवली की लगेच मस्ती नको. सकाळी सहाला जालना रोड मोकळा असतो, 80 वरून 20 पर्यंत आठ-दहा वेळा सावकाश ब्रेक, मध्ये गाडी पूर्ण थांबवायची नाही, मग ब्रेक न लावता दहा मिनिटं चालवून गार करायची. तापलेल्या ब्रेकवर टोलच्या रांगेत पाय दाबून उभं राहिलात तर पॅडचा थर एकाच जागी चिकटतो, पुढं स्टिअरिंग थरथरायला लागतं आणि लोक म्हणतात डिस्क वाकली. बहुतेक वेळा वाकलेली नसते, तो थर असतो.