आई ‘बंद’ असते तेव्हा

मागच्या आषाढात आईचा कान विळीला चिकटला.

ती भारंगीची भाजी चिरत बसली होती. पाट पुढे ओढायला खाली वाकली, कानामागून निघालेली वायर लोंबकळली आणि वायरच्या टोकाची चकती टक्कन विळीच्या पात्याला जाऊन बसली. त्या क्षणी आईला ऐकू येणं थांबलं. आम्ही हसतोय एवढंच तिला दिसत होतं. ‘हसताय काय, काढा ती!’ असं ती ओरडली, तेही गरजेपेक्षा बरंच मोठ्यांदा, कारण तिचा स्वतःचा आवाजही त्या चकतीतूनच तिच्यापर्यंत पोचतो.

आईच्या कानात कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून बसवलेलं ऐकण्याचं यंत्र, आहे. त्याच्या चकतीत लोहचुंबक असतो आणि कानाच्या मागे, डोक्याच्या कातडीखाली बसवलेल्या भागात दुसरा. मधल्या कातडीसकट दोघं एकमेकांना धरून राहतात. कातडीला भोक नाही, आरपार गेलेली वायर नाही. कानामागचा प्रोसेसर आवाज टिपतो, त्याची आकडेमोड करतो आणि चकती ते सगळं रेडिओलहरींनी आत पाठवते. नुसता संदेश नाही, वीजसुद्धा तिथूनच जाते. आतल्या भागाला स्वतःची बॅटरीच नसते. म्हणून चकती सुटली की ऐकू ‘कमी’ येत नाही, काहीच येत नाही. आमच्या चिपळूणच्या घरात याला सरळ शब्द आहे: आई ‘बंद’ आहे.

कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे जास्त ताकदीचं कानातलं मशीन, असं बऱ्याच जणांना वाटतं. आम्हालाही वाटायचं. साधं श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, पण मोठा केलेला आवाज घ्यायला आत कुणी शिल्लक तर हवं. आतल्या कानात शंखासारखी, अडीच वेटोळ्यांची नळी असते. तीच कॉक्लिया. उलगडली तर जेमतेम ३५ मिलिमीटर भरेल. तिच्यात आवाजाची खबर मेंदूला देणाऱ्या सुमारे साडेतीन हजार केशपेशी असतात. नळीच्या तोंडाशी बारीक, टिपेचे आवाज, आतल्या टोकाला खर्ज. पेटीच्या पट्ट्या गुंडाळून ठेवाव्यात तशी ही मांडणी. या पेशी एकदा गेल्या की माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाहीत. आईच्या चाळिशीपासून जात होत्या, पन्नाशीनंतर फार थोड्या उरल्या. इम्प्लांट त्यांना वगळून थेट श्रवणाच्या नसेला विजेचे ठोके देतं.

ठोके देणारी टोकं, म्हणजे इलेक्ट्रोड, कंपनीनुसार १२, १६ किंवा २२ असतात. आईच्या कानात २२ आहेत. साडेतीन हजारांची जागा बाविसांनी घ्यायची, आणि तीही धड नाही. कॉक्लियात खारट द्रव असतो आणि त्यात वीज पसरते. भिजलेल्या कागदावर शाईचे बावीस ठिपके टाकले तर ते एकमेकांत उतरतात, तसं होतं. बावीस असूनही साधारण आठ वेगवेगळे ठिपके असल्याइतपतच फायदा होतो, असं चाचण्यांत दिसलं आहे. आठ ठिपक्यांतून आई माणसांची बोलणी समजून घेते. मला या यंत्राचं कौतुक आहेच, पण यंत्रापेक्षा आईच्या मेंदूचं जास्त आहे.

हे इलेक्ट्रोड वेटोळ्यात सरकवायचे कसे, यावर ऑस्ट्रेलियाचे कानाचे डॉक्टर ग्रेम क्लार्क बराच काळ अडले होते. १९७७ मध्ये समुद्रकिनाऱ्यावर बसलेले असताना त्यांनी एका शंखात गवताचं पातं घालून पाहिलं. टोकाला लवचीक आणि बुडाकडे ताठ होत जाणारं पातं वळणं घेत सहज आत गेलं. इलेक्ट्रोडची तारही तशीच करायची, हे तिथे सुचलं आणि १ ऑगस्ट १९७८ रोजी मेलबर्नमध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या कानात बहुवाहिनी, म्हणजे अनेक इलेक्ट्रोडचं, इम्प्लांट बसवलं. आम्ही कोकणातली माणसं जन्मभर शंख गोळा करतो, पण आत गवत घालून बघितलेलं कुणी मला आठवत नाही.

आईचं ऑपरेशन नोव्हेंबर २०१९ मध्ये झालं. टाके सुकल्यावर, तीन आठवड्यांनी ‘स्विच ऑन’. यंत्र सुरू होताच बाळ खुदकन हसतं, असे व्हिडिओ आम्ही सगळ्यांनी फोनवर पाहिले होते. आई हसली नाही. कपाळाला आठ्या घालून म्हणाली, ‘सगळे घंट्या काय वाजवताय?’ बाबांचा आवाज, माझा आवाज, दार लागल्याचा आवाज, सगळं तिला एकाच टिंगटिंगीसारखं येत होतं. ज्याला पूर्वी ऐकू यायचं त्याच्या बाबतीत असं होतं. मेंदूकडे आवाजांची जुनी यादी असते आणि नवे ठोके त्या यादीतल्या कशाशीच जुळत नाहीत. इलेक्ट्रोड कॉक्लियाच्या अगदी आतल्या टोकापर्यंत सहसा पोचत नसल्याने खर्जातले आवाजही चढलेल्या पट्टीतच येतात. हळूहळू मेंदू नवी यादी करतो. काही आठवड्यांनी घंट्यांमधून शब्द डोकावू लागले, आणि चारेक महिन्यांनी एके सकाळी तिने बाबांना सांगितलं, ‘अहो, आज तुमच्यासारखे वाटलात.’

दरम्यान मॅपिंगच्या फेऱ्या सुरू होत्या. प्रत्येक इलेक्ट्रोडला किती वीज दिली की जेमतेम ऐकू येतं आणि किती दिली की सोसवेनासं होतं, या दोन हद्दी श्रवण तपासणारी ऑडिओलॉजिस्ट संगणकावर आखत जाते. ‘टिंग ऐकू आलं की हात वर करा.’ आईचे कान मुळातच गुणगुणतात, त्यामुळे काहीच वाजलेलं नसताना ती हात वर करायची आणि मग स्वतःच ओशाळायची. सुरुवातीच्या महिन्यांत या हद्दी सरकतात, म्हणून पुन्हा पुन्हा जावं लागतं. चिपळूणहून मुंबई म्हणजे अख्खा दिवस गेला.

तिथे बाकांवर मुलं जास्त असत. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांचं गणित वेगळं. त्यांच्याकडे जुनी यादीच नसते, पण यादी करायला मेंदू कोवळा असतो. साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालं तर मेंदूतला श्रवणाचा भाग बहुतेकदा वेळेत आकाराला येतो. सातेक वर्षांनंतर ते फार कठीण जातं. दिव्यांगांना साहाय्यक साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून लहान मुलांना यंत्र मिळतं. पुढे वायर तुटते, प्रोसेसर जुना होतो, तो खर्च घरावर येतो. त्या बाकांवर आयांच्या गप्पा वायरच्या किमतीवरच चालायच्या.

घरी मी रोज संध्याकाळी तोंडासमोर पेपर धरून आईला शब्द वाचून दाखवायचो, ओठ दिसू नयेत म्हणून. त्यातून एक गंमत कळली. पान, तान, कान यांत ती हमखास फसायची. जीभ तोंडात कुठे टेकली हे सांगणारा बारीक तपशील आठ ठिपक्यांत मावत नाही. उलट बाबा आणि मामा ती ऐकून बिनचूक ओळखायची, आणि हेच दोन शब्द नुसत्या ओठांवरून जगात कुणाला वेगळे काढता येणार नाहीत. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता म्हणून बघा. म्हणजे यंत्र जिथे गोंधळतं तिथे ओठ मदत करतात, आणि ओठ जिथे फसवतात तिथे यंत्र. पेपर बाजूला केला की आईचे गुण एकदम वाढायचे. मग मार्च २०२० आला आणि सगळ्या गावाने तोंडाला मास्क लावला. बँकेत, वाण्याकडे, दवाखान्यात ती निम्मीच ऐकू लागली.

सुराचं दुखणं मात्र अजून आहे. प्रोसेसर आवाजाच्या पट्ट्या पाडतो आणि प्रत्येक पट्टीत जोर कसा चढतो-उतरतो तेवढं पाठवतो. आतली बारीक थरथर बहुतांशी गळून जाते. बोलणं समजायला तेवढं पुरतं, सुराला पुरत नाही. आई भजनी मंडळात गायची. आता टाळ धरते. ठेका अगदी चोख, फक्त प्रोसेसरचा आवाज दोन घरं खाली आणून. अभंग कोणता चाललाय हे तिला शब्दांवरून कळतं, चालीवरून नाही.

मराठीत सुराची ही उणीव भलत्याच ठिकाणी उघडी पडते. ‘आलास’ आणि ‘आलास?’ यांत शब्दाचा फरक नाही, फक्त शेवट वर जातो. आईला तो वर गेलेला कळत नाही. आम्ही विचारतोय की सांगतोय हेच न उमगल्यामुळे पहिलं वर्षभर बरीच भांडणं झाली. आता घरात सगळे प्रश्नाला ‘का’ लावतात. ‘जेवलीस का’, ‘दूध आलं का.’ दुसरा परिणाम आईच्या फायद्याचा. आत्याचे टोमणे तिच्यापर्यंत पोचेनासे झाले. ‘वा, छान झालीय हं आमटी’ हे ती कौतुक म्हणून घेते आणि आत्याला आणखी एक पळी वाढते.

एकाच कानात इम्प्लांट असल्याने आवाज कुठून आला हे तिला सांगता येत नाही. त्यासाठी दोन्ही कानांची तुलना लागते. हाक मारली की आम्ही पाठोपाठ ‘माडीवर’, ‘मागच्या दारी’ असा पत्ताही देतो. रस्ता ओलांडताना ती कानावर मुळीच विसंबत नाही. मंगल कार्यालयात बँडपुढे तर डोळेच काय ते खरे. या सगळ्याला मेहनत पडते, आणि ती दिसत नाही. अर्धवट आलेलं वाक्य मागच्या-पुढच्या संदर्भाने भरून काढायचं, तोवर समोरचा पुढच्या वाक्यावर गेलेला असतो. दुपारी चारच्या सुमाराला आई चकती काढते, ‘मी आता बंद’ म्हणते आणि तासभर शांतपणे तांदूळ निवडत बसते. सुरुवातीला मला याचा राग यायचा. एवढा खर्च केला तो काढून ठेवायला का? हल्ली मी त्या तासात तिच्याशी बोलायला जात नाही.

आमच्याकडे यंत्राचा खरा शत्रू म्हणजे दमट हवा. रात्री प्रोसेसर सिलिका जेलच्या डबीत जातो. एका पावसाळ्यात वायर आतून गंजली, नवी यायला तीन आठवडे लागले आणि आई तेवढे दिवस बंद राहिली. तेव्हापासून एक जादा वायर देवघराच्या खणात असते. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पूर शिरला तेव्हा पहिली ती डबी माळ्यावर गेली, दागिने मागून. वीज नव्हती, चार्जिंगच्या बॅटऱ्या संपल्या. तेव्हा कामी आली झिंक-एअर बटण-सेलची पाकिटं. या सेलला बारीक छिद्रं असतात. वरचा कागद सोलला की हवा आत जाते आणि तिच्यातल्या प्राणवायूवर सेल चालू होतो. त्या सेलवर आई शेजाऱ्यांची हाक ऐकत होती.

विजा चमकतात तेव्हा घरात एकटी आईच गाढ झोपते. पण रात्री लाइट गेली तर ती दोन्हीकडून अडकते, चकती काढलेली आणि ओठ दिसत नाहीत. त्यासाठी बाबांनी तळहातावर बोटाने अक्षरं लिहायची रीत पाडली आहे. परवा मध्यरात्री पंखा थांबला. उकाड्याने आईला जाग आली. बाबांनी अंदाजाने तिचा हात शोधला आणि तळव्यावर सावकाश, वळणदार, एकेक अक्षर काढत लिहिलं: लाइट गेली.

शेजारच्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात आई म्हणाली, ‘अहो, अंधार मलाही दिसतो!’