फ्लोराइड ओळखणारा रेणू: बेयरच्या बाटलीपासून हापशीपर्यंत

यवतमाळ जिल्ह्यात केळापूर, झरी-जामणी या भागात फ्लोराइडसाठी पाणी तपासायची रीत आता गावोगावी माहीत आहे. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायांना किट वापरायला शिकवायचं ठरलं. काचेच्या नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, लालसर द्रावणाचे मोजके थेंब टाकायचे, नळी हलवून पांढऱ्या कागदासमोर धरायची. लाली गेली आणि पिवळेपणा आला, की ते पाणी प्यायच्या गुंडात भरायचं नाही. फ्लोराइडला ना चव, ना वास. ते पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे उमटल्यावर कळतं, आणि तोवर बरीच वर्षं ते पाणी पोटात गेलेलं असतं. म्हणून त्या नळीतल्या रंगाची गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

त्या थेंबांत बहुधा झिर्कोनियम हा धातू आणि एखादा रंग यांची जोडी असते. जुन्या पद्धतीत तो रंग अलिझारिन, म्हणजे आपल्या मंजिष्ठेच्या भाऊबंद असलेल्या युरोपातल्या झाडाच्या मुळांतला. फ्लोराइड आलं की ते झिर्कोनियमला आपल्याकडे ओढतं, रंग एकटा पडतो आणि पिवळा दिसतो. पद्धत स्वस्त आहे, हापशीजवळ उभं राहून करता येते. पण यात रंगाला फ्लोराइडची ओळख नसते, सगळी ओढाताण झिर्कोनियमवरून चालते. पाण्यात ॲल्युमिनियम किंवा फॉस्फेट असलं तर उत्तर चुकू शकतं.

नेमकं फ्लोराइडच धरील असा रेणू हवा, या विचाराची वाट १९६७ साली मोकळी झाली. अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीत काम करणाऱ्या चार्ल्स पेडरसन यांनी क्राउन ईथर नावाची वर्तुळाकार संयुगं जाहीर केली. त्या कड्यात पोटॅशियमसारखा धन आयन, म्हणजे धन विद्युतभाराचा कण, नेमका बसतो. पेडरसन, डोनाल्ड क्रॅम आणि ज्याँ-मारी लेन यांना १९८७ चं नोबेल मिळालं. ‘सुप्रामॉलिक्युलर’ हे नाव लेन यांचं. रेणू एकमेकांना पक्क्या बंधाशिवाय कसे धरतात, याचं हे शास्त्र. फ्लोराइड आणि क्लोराइड हे मात्र ऋण आयन. क्लोराइडला पोटात घेणारा पिंजऱ्यासारखा रेणू १९६८ मध्येच तयार झाला होता, तरी ऋण आयनांचं काम बरीच वर्षं मागे राहिलं.

फ्लोराइडसाठीचा एक रेणू मात्र तेव्हाही तयार होता. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ फॉन बेयर यांनी १८८६ मध्ये पायरोल (नायट्रोजन असलेलं छोटं कड्यासारखं संयुग) आणि ॲसिटोन आम्लाच्या साहाय्याने एकत्र आणले आणि त्यांना पांढरे स्फटिक मिळाले. चार पायरोल कडी गोलाकार जोडलेला हा रेणू. तो काय धरू शकतो, हा प्रश्न एकशेदहा वर्षं कोणी विचारला नाही. १९९६ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या जोनाथन सेसलर यांच्या गटाने तो विचारला, आणि संयुगाला कॅलिक्स-पायरोल हे नाव दिलं. एकटा असताना या रेणूची चार कडी एक वर, एक खाली अशी वळलेली असतात. फ्लोराइड आलं की चारही नायट्रोजनवरचे हायड्रोजन एकाच बाजूला वळतात आणि पळसाच्या पानाच्या द्रोणासारखा खोलगट आकार तयार होतो. क्लोराइडपेक्षा फ्लोराइडवर त्याची पकड कितीतरी घट्ट निघाली.

पकड डोळ्यांना दिसावी म्हणून १९९९ मध्ये एक सुंदर युक्ती झाली. द्रोणात आधी नायट्रोफिनोलेट हा पिवळा पाहुणा बसवला, त्याचा पिवळा रंग फिका पडला. मग फ्लोराइड घातलं. त्याने पाहुण्याला बाहेर ढकललं, आणि पिवळा रंग परत आला.

आता खरी अडचण. ही कामं डायक्लोरोमिथेनसारख्या द्रावकांत झाली, आणि आपलं फ्लोराइड आहे पाण्यात. पाणी फ्लोराइडला इतकं घट्ट वेढून बसतं की द्रोणाला ते सहज सुटत नाही. भारतीय मानकात लिटरमागे १ मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालतं. १.५ मिलिग्रॅमला एका फ्लोराइडमागे पाण्याचे सुमारे सात लाख रेणू येतात. त्या गर्दीतून एकाला ओळखायचं आहे. प्रयोगशाळेत ते काम लँथॅनम फ्लोराइडच्या स्फटिकाचा इलेक्ट्रोड १९६६ पासून करतोय, पण त्याला मीटर लागतो, प्रमाणित द्रावणं लागतात.

फ्लोराइड काढायची तुरटी-चुन्याची नालगोंडा पद्धत आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने दिली. तिला तुरटी किती घालायची हे कळायलाही आधी नेमकं माप हवंच.

२००८ मध्ये सेसलर यांच्या गटाने एकाच पॉलिमरच्या साखळीवर बेयरचा द्रोण आणि पेडरसनच्या घराण्यातलं कडं, दोन्ही टांगली. कड्याने पोटॅशियम धरलं, द्रोणाने फ्लोराइड, आणि पोटॅशियम फ्लोराइड पाण्यातून बाहेर ओढलं गेलं. आपल्या बोअरच्या पाण्यात मात्र बऱ्याचदा सोडियम आणि बायकार्बोनेट भरपूर असतं, कॅल्शियम कमी. कॅल्शियम असतं तर त्याने फ्लोराइडला दगडातच अडकवून ठेवलं असतं. या रेणूंची परीक्षा असल्या पाण्यात व्हायला हवी, आणि तीही गावातल्या बाईच्या हातात मावेल अशा नळीत.