भाणाचा पोचा

चवथीच्या आधी आमच्या न्हाणीतलं तांब्याचं भाण (पाण्याचं मोठं भांडं) पोचे काढायला डिचोलीला जातं. कांसार (घाटावर त्याला तांबट म्हणतील) थोडा वेळ ठोकतो, मग भाण लाल होईस्तोवर तापवतो आणि पुन्हा हातोडी उचलतो. न तापवता ठोकत राहिलं तर? ‘फुटतलें,’ एवढंच त्याचं उत्तर.

तांब्याची जाडशी तार वाकवून सरळ करून बघा. मूळ बाक जात नाही, त्याच्या आजूबाजूला नवे बाक पडतात. वाकलेली जागा कडक झालेली असते.

धातूत अणूंच्या रांगा असतात आणि त्या रांगांत चुकाही असतात, त्यांना डिसलोकेशन म्हणतात. भजनाला अंथरलेली जड जाजम सरकवायची तर आपण तिला एक सुरकुती पाडून ती पुढे ढकलतो. धातूही या चुकांच्या सुरकुत्यांनी तसाच सरकतो, हे १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी यांनी वेगवेगळं मांडलं. तापवून मऊ केलेल्या तांब्यात चौरस सेंटिमीटरमागे अशा चुकांच्या रेषा दहा लाख ते दहा कोटी असतात. भरपूर ठोकलं की आकडा दहा हजार कोटींवर जातो. मग त्या एकमेकींतच अडकतात. रेषा चौपट झाल्या की त्यांचा विरोध दुप्पट. भट्टीत हा गुंता सुटतो.

म्हणून किती जोर लावला की तांबं किती वाकेल, हे सांगणाऱ्या समीकरणाला, म्हणजे कॉन्स्टिट्यूटिव्ह मॉडेलला, आजचा जोर कळून भागत नाही. आजवरच्या ठोक्यांचा हिशेबही आत ठेवावा लागतो.

तेवढ्यानंही पुरतं असं नाही. १९९४ मध्ये १२ ते १७० मायक्रोमीटर जाडीच्या तांब्याच्या तारांवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. ताणल्यावर सगळ्या जवळपास सारख्याच वागल्या. पिळल्यावर मात्र, जाडीचा हिशेब वजा करूनही, सर्वांत बारीक तार सर्वांत जाड तारेपेक्षा सुमारे तिप्पट चिवट निघाली. पिळताना तार कडेला जास्त सरकते, मध्यभागी मुळीच नाही. हा फरक सामावायला जादा डिसलोकेशन लागतात, आणि तार जितकी बारीक तितका फरक तीव्र. जुन्या समीकरणांत लांबीच नव्हती, त्यांच्या लेखी भाण आणि केसाएवढी तार एकच! आता काही मायक्रोमीटरची एक लांबी त्यांत घालतात. ती बरेचदा प्रयोगाशी जुळवूनच घेतात, हे मला जरा खटकतं.

कांसाराचा पत्रा त्यामानाने जाड, त्याचं जुन्या हिशेबात भागतं. चिपला जोडलेल्या तारा मात्र २५ मायक्रोमीटरच्या आसपास असतात.