स्थूलता : प्रौढांमधील दीर्घकालीन आजार व त्याचे व्यवस्थापन

शरीरातील चरबी इतकी वाढते, किंवा अशा जागी साठते, की ती प्रकृतीला अपाय करू लागते. या अवस्थेला स्थूलता म्हणतात. बोलण्यातला शब्द लठ्ठपणा. उच्च रक्तदाब, दमा किंवा मधुमेह यांच्याप्रमाणेच स्थूलता वर्षानुवर्षे सोबत राहणारा आणि आटोक्यात आल्यावरही पुन्हा उलटणारा आजार आहे, हे मत गेल्या काही दशकांत वैद्यकात रुजले. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१३ साली तसा ठराव केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये जगातले सुमारे ८९ कोटी प्रौढ स्थूल होते.

आजार म्हटल्याने उपचाराचा अर्थच बदलतो. रक्तदाबाच्या गोळीने रक्तदाब उतरला म्हणून कोणी गोळी कायमची बंद करत नाही. वजनाच्या बाबतीत मात्र काटा खाली आला की उपचार संपला, असे रुग्णही धरून चालतो आणि पुष्कळदा डॉक्टरही. खरे काम तिथूनच सुरू होते.

वजन परत का वाढते : भूक आणि ऊर्जेचा खर्च यांचा हिशेब मेंदूतील अधश्चेतक हा भाग ठेवतो. चरबीच्या पेशींतून स्रवणारे लेप्टिन हे संप्रेरक त्याला शरीरातील साठ्याची खबर देते. त्याचा शोध १९९४ मध्ये लागला. जठरातून येणारे, भूक चाळवणारे घ्रेलिन १९९९ मध्ये सापडले. वजन उतरले की लेप्टिन घटते, घ्रेलिन वाढते आणि विश्रांतीच्या वेळी होणारा ऊर्जेचा खर्चही कमी होतो. शरीराच्या लेखी हा दुष्काळ असतो. एका अभ्यासात वजन घटवलेल्या व्यक्तींच्या संप्रेरकांतले हे बदल वर्ष उलटल्यावरही तसेच टिकून असल्याचे २०११ मध्ये दिसून आले. अमेरिकेतील वजन घटवण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतल्या १४ स्पर्धकांची सहा वर्षांनी पुन्हा तपासणी झाली. बहुतेकांचे वजन बरेचसे परतले होते. तरीही त्यांचे शरीर विश्रांतीच्या वेळी, त्यांच्या आकारमानावरून अपेक्षित असलेल्या खर्चापेक्षा दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी कमी जाळत होते.

याहून जुना दाखला मिनेसोटा विद्यापीठातला आहे. शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांना सहा महिने जवळजवळ निम्म्या आहारावर ठेवले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. ती माणसे दिवसभर खाण्याचाच विचार करू लागली, पाककृतींची पुस्तके वाचू लागली. पोटभर अन्न मिळू लागल्यावर भूक आवरेना आणि चरबी पहिल्यापेक्षाही जास्त साठली. ही माणसे ना स्थूल होती ना आळशी. ‘तोंडावर ताबा ठेवा’ असा सल्ला देणाऱ्याने हा प्रयोग आधी वाचावा.

अनुवंशाचा वाटाही मोठा आहे. जुळ्यांच्या अभ्यासांतून तो साधारण ४० ते ७० टक्के निघतो. सहज मिळणारे, थोड्यात भरपूर ऊर्जा देणारे अन्न, बैठे काम, अपुरी झोप आणि ताण यांमुळे ही जन्मजात प्रवृत्ती उघड होते.

निदान : किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की शरीरवस्तुमान निर्देशांक, म्हणजे बीएमआय, मिळतो. हे सूत्र बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ आदोल्फ केतले यांचे, एकोणिसाव्या शतकातले. त्याला आजचे नाव १९७२ मध्ये दिले ते याच कीज यांनी. ३० किंवा त्याहून अधिक निर्देशांक म्हणजे स्थूलता, ही सर्वसाधारण सीमा. आशियाई वंशाच्या लोकांत मधुमेह व हृदयविकाराचा धोका कमी निर्देशांकालाच सुरू होतो, म्हणून त्यांच्यासाठी खालच्या सीमा वापरतात. केतले यांना समाजाची सरासरी काढायची होती, रुग्ण तपासायचा नव्हता. ही मर्यादा आजही भोवते. स्नायू आणि चरबी यांत निर्देशांक फरक करत नाही आणि चरबी पोटात आहे की मांड्यांत, तेही सांगत नाही. म्हणून कंबरेचा घेर मोजतात. तो उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. २०२५ मध्ये एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने अवयवांच्या कार्यात बिघाड झालेली स्थूलता आणि तसा बिघाड अजून न झालेली स्थूलता असा भेद मांडला. उपचाराची निकड वजनावरून नव्हे, बिघाडावरून ठरवायची ही दिशा योग्य वाटते.

उपचार : वजनाविषयी बोलण्याआधी रुग्णाची परवानगी घ्यावी, असे कॅनडाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. गुडघा दाखवायला आलेल्या माणसाला दर वेळी वजनावरून ऐकावे लागले, तर तो दवाखान्यात येणेच सोडतो. पहिल्या भेटीत झोप, मनःस्थिती, घोरणे आणि चालू औषधे यांची विचारपूस होते. इन्सुलिन, स्टिरॉइड, मनोविकारांवरील काही औषधे यांनी वजन वाढते. कधी नुसते औषध बदलूनही फरक पडतो.

उद्दिष्ट आदर्श वजनाचे नसते. पाच ते दहा टक्के घट झाली तरी रक्तशर्करा, रक्तदाब आणि यकृतातील चरबी सुधारते. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांवरील अमेरिकी चाचणीत सात टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम हे लक्ष्य दिले होते. मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. आहारपद्धतींच्या भांडणात फारसा अर्थ नाही, कारण जी वर्षभर पाळता येते तीच उपयोगी. व्यायामाने वजन बेताचेच उतरते, पण उतरलेले टिकवायला आणि स्नायू राखायला तो लागतोच.

औषधांचा इतिहास फारसा अभिमानास्पद नाही. फेनफ्लुरामिन १९९७ मध्ये हृदयाच्या झडपांना इजा होत असल्याने मागे घेतले, तर सिबुट्रामिन २०१० मध्ये हृदयविकार व पक्षाघाताच्या धोक्यामुळे. चित्र पालटले ते आतड्यातील जीएलपी-१ या संप्रेरकासारखे काम करणाऱ्या औषधांनी. त्यांतले पहिले औषध गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेतील एका रेणूवरून तयार झाले. पुढच्या पिढीतील सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन घटले. टिर्झेपॅटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेने ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ हे नेहमीचे त्रास. म्हणून मात्रा हळूहळू चढवतात. गरोदरपणात ही औषधे देत नाहीत. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परतले. अनेकांना हा औषधाचा दोष वाटला. वास्तविक औषध थांबताच आजाराने डोके वर काढले, इतकाच त्याचा अर्थ.

शस्त्रक्रियेत जठराचा मोठा भाग काढतात, किंवा जठराची लहान पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. जागा कमी होते हे खरे, पण भूक आणि तृप्तीचे संप्रेरकही बदलतात, आणि परिणाम टिकण्याचे ते मोठे कारण आहे. १९८७ मध्ये सुरू झालेल्या स्वीडनमधील दीर्घ अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. मात्र नंतर जीवनसत्त्वे व लोह यांच्या पूरक मात्रा आणि तपासण्या जन्मभर चालू ठेवाव्या लागतात.

कोणत्याही मार्गाने वजन घटले, तरी पुढल्या भेटी थांबवत नाहीत. दोन-तीन किलो परत चढले की आधी शोध घेतात : झोप बिघडली का, नवे औषध सुरू झाले का, गुडघा दुखू लागून चालणे थांबले का, सध्याची मात्रा पुरेनाशी झाली का. रुग्णाच्या निर्धाराची चौकशी या यादीत नसते.