मातीची भिंत का तडकते

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर चढणारी भेग दिसली की घरमालक गवंड्याला बोल लावतो आणि गवंडी मातीला. दोघांचंही खरं अर्धंच. नवी भिंत तडकते ती पाण्यामुळे, आणि तेही पावसाच्या नव्हे, बांधताना आपणच ओतलेल्या.

चिखल तुडवून थापायचा तर पाणी सढळ लागतं, मातीच्या वजनाच्या वीस-पंचवीस टक्के सहज. हे पाणी बारीक कणांना एकमेकांपासून दूर ठेवतं. भिंत वाळू लागली की उरलेलं पाणी पृष्ठताणामुळे कणांना जवळ ओढतं, आणि जितकं पाणी गेलं जवळजवळ तितकंच मातीचं आकारमान घटतं. मग कण एकमेकांना टेकतात. त्यापुढेही पाणी जात राहतं, पण त्याची जागा हवा घेते आणि आकसणं थांबतं. ओल्या मातीचा गडद रंग साधारण याच वेळी फिकट होऊ लागतो. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट आटरबर्ग यांनी १९११ च्या सुमारास ओल्या मातीच्या ज्या सीमा ठरवल्या, त्यांच्यातली ही ‘आकुंचन सीमा’.

नुसत्या आकसण्याने काही बिघडत नाही. मोकळी ठेवलेली कच्ची वीट वाळून लहान होते, इतकंच. भिंत मात्र जोत्याला घट्ट धरून असते. दहा फुटांची भिंत दोन टक्के आकसायला निघाली तर तिला जवळजवळ अडीच इंच आखूड व्हायचं असतं आणि जोतं तिला हलू देत नाही. ओढ सोसणं मातीला जमत नाही. हे अडीच इंच मग भेगांत वाटले जातात. दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांवर ताण एकवटतो, म्हणून पहिली भेग बहुधा तिथेच.

माती किती आकसणार हे तिच्यातल्या चिकणखनिजावर ठरतं. बेळगावपलीकडच्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट असतं. त्याचे थर पत्त्यांच्या सैल कॅटासारखे. पाणी थरांमध्ये शिरतं, फुगवतं, आटलं की थर परत मिटतात. गोव्याच्या तांबड्या मातीत मुख्यतः केओलिनाइट. त्याचे थर एकमेकांना घट्ट धरून असतात, आत पाण्याला वाव नाही. एक ग्रॅम केओलिनाइटचा पृष्ठभाग दहा-वीस चौरस मीटर भरतो, माँटमोरिलोनाइटचा आठशेपर्यंत जातो. धरून ठेवलेलं पाणीही त्याच मापाने. हा फरक घडवला पावसाने. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारं पाणी लाखो वर्षं खडकातली सिलिका धुऊन नेत राहिलं, आणि मागे उरलं ते केओलिनाइट. जांभा आणि त्याची माती घराला मानवते, याचं श्रेय आपल्या पावसाळ्यालाही द्यायला हवं. उलट खाजणातला, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतला, चिखल कितीही लोण्यासारखा दिसला तरी भिंतीला नको. बांधाला तो चालतो, कारण बांध ओलाच राहतो. भिंतीत तो वाळतो, तडकतो, आणि त्यातलं मीठ पृष्ठभागावर येऊन पापुद्रे काढतं.

माती पारखायला प्रयोगशाळा लागत नाही. साठ सेंटिमीटर लांब, चार रुंद, चार खोल अशी लाकडी पेटी घ्या. आतून तेलाचा हात फिरवा, ओली माती कोपऱ्यांपर्यंत दाबून भरा, वर सपाट करा. तीन दिवस उन्हात किंवा आठवडाभर सावलीत ठेवा. वाळलेली पट्टी दोन-तीन ठिकाणी तुटलेली दिसेल. ते तुकडे एका टोकाला सरकवून भेगा मिटवा आणि दुसऱ्या टोकाची फट मोजा. बारा मिलिमीटर म्हणजे दोन टक्के. यंत्रात दाबून मातीच्या विटा करणारे या फटीवरूनच सिमेंट किती घालायचं ते ठरवतात.

फट मोठी आली तर वाळू घाला. वाळूचे कण आकसत नाहीत. ते लवकर एकमेकांना टेकतात आणि चिकणमातीला पुढे मिटू देत नाहीत. भाताचा पेंढा किंवा काथ्या वेगळं काम करतो. आकसणं तो फारसं कमी करत नाही, ते वाटून देतो: एका बोटभर भेगेऐवजी केसासारख्या पुष्कळ. सर्वांत सोपा उपाय म्हणजे पाणीच कमी घालणं. साच्यात ठासून उभारलेल्या भिंतीला दहा टक्क्यांच्या आसपास ओल पुरते, त्यामुळे ती कमी आकसते. कच्च्या विटांची युक्ती आणखी सरळ: आकसायचं ते विटेने आधीच आकसून घ्यायचं, मग भिंतीत बसायचं.

या सगळ्यावर पाणी फिरवायचं असेल तर मातीच्या जुन्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर करावं. हौसेने हे अजूनही केलं जातं. ओलाव्याबरोबर माती थोडी हलते, कडक सिमेंट हलत नाही. दोघांत फट पडते, तिच्यातून पाणी आत जातं आणि सिमेंटआडून बाहेर पडू शकत नाही. वर्षा-दोन वर्षांत प्लास्टरचा पत्रा सुटतो, मागची माती घेऊनच. चुन्याचा गिलावा किंवा मातीचाच लेप भिंतीला श्वास घेऊ देतो. मात्र तोही भिंत पुरती आकसून झाल्यावरच. जाड भिंतीच्या गाभ्याला वाळायला महिने लागतात आणि किनाऱ्याची दमट हवा ते आणखी लांबवते. म्हणून काम दिवाळीनंतर काढावं. मार्चमध्ये उभारलेली भिंत जूनमध्ये आतून ओलीच असते.