स्टोमाची पिशवी का सुटते?

आतड्याचं ऑपरेशन होऊन पोटावर स्टोमा आला, की डिस्चार्जच्या दिवशी मनात एकच धास्ती असते: भरलेल्या लोकलमध्ये स्टोमावरची मळाची पिशवी सुटली तर? धास्ती खोटी नाही. पण पिशवी सहसा उगाच सुटत नाही. बहुतेक वेळा आधी खालची कातडी कुरकुर करते.

स्टोमा म्हणजे पोटाच्या भिंतीतून बाहेर काढून, उलटवून कातडीला शिवलेलं आतड्याचं टोक. गालाच्या आतल्या बाजूसारखं लाल आणि ओलसर. तिथे वेदना कळवणाऱ्या नसा नसतात, म्हणून पुसताना दुखत नाही. रक्तवाहिन्या मात्र भरपूर, त्यामुळे पुसलेल्या कापडावर थोडं रक्त दिसतं. ते पाहून घरचे हबकतात. तेवढ्याने घाबरायचं कारण नाही.

जपायची ती भोवतालची कातडी. लहान आतड्याचं टोक बाहेर असेल (इलिओस्टोमी) तर पातळ मळाबरोबर पाचकरसही येतात, आणि अन्न पचवणारे ते रस कातडीलाही सोडत नाहीत. कातडी सोलवटते, झिरपायला लागते, ओल्यावर चकती (पिशवी कातडीला चिकटवणारा, मधे भोक असलेला तुकडा) धरत नाही, सुटलेल्या कडेखाली मळ आणखी शिरतो. हे चक्र एकदा सुरू झालं की महागातली पिशवीही टिकत नाही.

म्हणून सगळा खेळ चकतीच्या भोकाचा. ते स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं हवं. मोठं झालं तर मधली कातडी उघडी पडते, लहान झालं तर कड स्टोमाला घासते. ऑपरेशननंतर सुजलेला स्टोमा पुढच्या सहा ते आठ आठवड्यांत आक्रसतो, आणि इथेच बरेच जण फसतात: पहिल्या आठवड्याचं माप पाठ करून तेच कापत राहतात. दर आठवड्याला मापाचं कार्ड स्टोमावर धरून बघावं, पेनाने गोल आखावा, बाकदार टोकाच्या कात्रीने सावकाश कापावा आणि कापलेल्या कडेवरून बोट फिरवून खरखर मोडावी. सकाळी उपाशीपोटी मळ कमी येतो, तेव्हाच हे उरकावं.

कातडी साध्या पाण्याने धुवून टिपून कोरडी करायची. लाल दिसली की आपला हात खोबरेल तेलाकडे जातो, तो आवरायचा. तेलावर कुठलाही चिकट पदार्थ बसत नाही. चकती लावल्यावर वरून तळहात मिनिटभर दाबून ठेवावा, उबेने ती नीट धरते.

या चकतीच्या इतिहासात आपलं एक झाडही आहे. 1950च्या दशकात अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकचे सर्जन रुपर्ट टर्नबुल यांनी स्टोमाभोवतीची कातडी वाचवायला कराया डिंक वापरला. हा डिंक कांडोळाचा, आणि कांडोळ महाराष्ट्राच्या जंगलांतही वाढतो. आजच्या चकतीत पेक्टिन, जिलेटिन, सेल्युलोजसारखे पदार्थ असतात. ते घाम शोषूनही चिकटून राहतात. पण पुरते भिजले की फुगून पांढुरके होतात आणि विरघळू लागतात. थंड हवेत चार दिवस टिकणारी चकती मुंबईच्या मे महिन्यात तीन दिवसांतच बदलावी लागली, तर त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. कडेखाली खाज किंवा जळजळ जाणवली, तर ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता बदलावी.

पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करावी; वजनाने चकती खाली ओढली जाते. विरार लोकल पकडण्याआधी स्टेशनवरचं शौचालय गाठलेलं बरं.

इलिओस्टोमीवाल्यांनी पाण्याबरोबर मिठाचाही हिशेब ठेवावा, कारण मोठ्या आतड्यात एरवी शोषलं जाणारं लिटरभर पाणी आणि क्षार थेट बाहेर जातात. मळ फारच पातळ येत असेल तर ओआरएस घ्यावं. पावसाळ्यातलं भाजलेलं कणीस सुरुवातीचे दोन महिने टाळावं, नंतर खाल्लं तर अगदी बारीक चावून; न पचलेले दाणे अडकू शकतात. पोटात कळा येताहेत आणि चार-सहा तास पिशवीत काहीच उतरत नाही, किंवा स्टोमा जांभळा-काळा पडला, तर सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठायचं.