घरकुल वेगळं, निवारा वेगळा

डिसेंबरातली रात्र, साडेदहाचा सुमार. सोलापूर स्टेशनच्या बाहेर, बंद टपरीच्या आडोशाला एक आजोबा बसले होते. अंगावर विटलेली सोलापुरी चादर, उशाला सिमेंटच्या पोत्याची शिवलेली पिशवी. विचारपूस करायला बसलो तर त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली एक पावती काढली. घरकुलाच्या अर्जाची पावती. घड्या पडून पडून मधोमध फाटलेली, मागून चिकटपट्टी लावलेली. म्हणाले, "बेघरास्नी घर मिळतंय म्हणले ओ. मी बेघर हाय. मग माझा नंबर कवा?"

त्या पावतीच्या भरवशावर त्यांनी कितीतरी हिवाळे काढले होते. आणि तेवढ्या वर्षांत निवारा केंद्र नावाची एक गोष्ट असते, तिथे आज रात्रीच जाता येतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. 'बेघर' या एका शब्दात सरकारच्या दोन अगदी वेगळ्या योजना येऊन बसल्यात आणि चुकीच्या खिडकीसमोर उभं राहून माणसांची वर्षं जातात. म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी घरकुल. शहरात घरकुल म्हणजे मुख्यतः पंतप्रधान आवास योजना (शहरी). तिच्या नियमात बेघर असणं ही मालकीची गोष्ट आहे. नवरा, बायको आणि अविवाहित मुलं मिळून एक कुटुंब धरतात, आणि या कुटुंबातल्या कुणाच्याही नावावर भारतात कुठेही पक्कं घर नसावं, ही अट. वार्षिक उत्पन्न 3 लाखांच्या आत असेल तर आर्थिकदृष्ट्या दुर्बल गट. म्हणजे सोलापूरच्या पूर्व भागात वीस वर्षं भाड्याच्या खोलीत राहणारं, वेळेवर लाइटबिल भरणारं कुटुंब या योजनेच्या लेखी बेघर आहे. झोपडपट्टीत पत्र्याच्या खोलीत तीन पिढ्या काढलेलं कुटुंबही बसतं. हे चुकीचं नाही, त्यांना घर मिळायलाच हवं. पण ही माणसं आज रात्री कुठे झोपणार हा प्रश्न त्यांच्यापुढे नसतो.

जनगणनेचा बेघर याच्या बरोबर उलटा. तिथे मालकी कुणी विचारत नाही. रस्त्याच्या कडेला, पुलाखाली, मोठ्या पाइपात, देवळाच्या मंडपात, फलाटावर जो झोपतो तो बेघर. 2011 च्या जनगणनेत 28 फेब्रुवारीच्या एका रात्रीत ही मोजणी उरकली आणि देशभरात सुमारे 17 लाख 73 हजार माणसं निघाली. त्या रात्री कुणी ट्रकच्या टपावर झोपलेला, कुणी पोलिसांनी हटकल्यामुळे जागा बदललेला, असे कितीजण सुटले असतील याचा अंदाज रात्री शहरात फिरणाऱ्याला सहज येतो. झोपडीतलं कुटुंब या मोजणीत येत नाही, कारण त्याच्या डोक्यावर छप्पर आहे, मग ते कसंही असो.

निवारा केंद्र आहे ते या दुसऱ्या बेघरासाठी. त्याचं मूळ सर्वोच्च न्यायालयात आहे. अन्नाच्या हक्काचा खटला तिथे चालू होता. 2010 मध्ये थंडीने माणसं दगावत असताना त्याच खटल्यात न्यायालयाने शहरांत कायमचे निवारे उभारायला सांगितलं. पुढे 2013 साली राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान आलं आणि त्यात शहरी बेघर निवारा हा भाग घातला गेला. दर एक लाख लोकसंख्येमागे 100 माणसांची सोय, माणशी निदान 50 चौरस फूट जागा, संडास-बाथरूम, अंथरूण-पांघरूण, सामान ठेवायला कपाट, स्वयंपाकाची किंवा जेवणाची व्यवस्था आणि बारा महिने चोवीस तास दार उघडं. हे सगळं निकषात लिहिलेलं आहे.

यातलं 'चोवीस तास' मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. निवारा म्हटलं की आपल्याला थंडीच आठवते. सोलापुरात माणसाला खरं मारतं ते ऊन. एप्रिल-मे महिन्यात पारा 43-44 वर जातो, डांबर पायाला चिकटतं, आणि दुपारी बारा ते चार ज्याला सावलीला बसायला हक्काची जागा नाही त्याचे हाल कुत्रं खात नाही. सकाळी सातला 'चला, उठा' म्हणून बाहेर काढणारा निवारा इथे अर्धाच निवारा होय.

हिशोबही करून बघू. 2011 मध्ये सोलापूर शहराची लोकसंख्या 9,51,558. निकषाप्रमाणे नऊ-साडेनऊशे जणांची सोय झाली. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत होम मैदानावर पाळणे उभारायला, खेळणी विकायला बाहेरगावहून येणारी माणसं जमेस धरली, आणि सिव्हिलमध्ये पेशंट दाखल करून बाहेर फरशीवर रात्र काढणारे धाराशिव, लातूर, विजयपूरकडचे नातेवाईक धरले, तर ही संख्या फार मोठी वाटत नाही. निवारा कुठे असावा हेही निकषात आहे: स्टेशन, एसटी स्टँड, बाजार यांच्या जवळ. जिथे माणूस राबतो तिथे.

आता घरकुलाकडे परत येतो, कारण घरकुल म्हणजे काय असू शकतं हे सोलापूरने अख्ख्या देशाला दाखवलंय. अक्कलकोट रस्त्याला कुंभारीजवळ 2006 साली विडी कामगार बायकांच्या 10,000 घरांच्या चाव्या वाटल्या गेल्या. पंतप्रधान मनमोहन सिंग त्यासाठी आले होते. कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाची ती वसाहत; गावात सगळे नुसतं 'विडी घरकुल' म्हणतात. मागे माजी आमदार नरसय्या आडम मास्तर आणि लाल बावट्याची संघटना, वर्षानुवर्षांचे मोर्चे. त्याच कुंभारीत पुढे रे नगर उभं राहिलं: विडी कामगार, यंत्रमाग कामगार, रिक्षावाले, कचरा वेचणारे, अशा असंघटित कामगारांसाठी 30,000 घरं. 9 जानेवारी 2019 ला पंतप्रधान मोदींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि 19 जानेवारी 2024 ला 15,000 घरं लोकांच्या हाती पडली.

या आकड्यांत एक गोष्ट दडलेली आहे, ती नीट बघायला हवी. पायाभरणीच्या वेळी प्रकल्पाचा खर्च 1811 कोटी सांगितला होता, त्यात केंद्र आणि राज्य मिळून 750 कोटी. घरामागे भागाकार केला तर खर्च सुमारे 6 लाख, आणि सरकारी मदत अडीच लाख: दीड केंद्राचे, एक राज्याचा. उरलेले साडेतीन लाख कामगाराचे. हप्ते, बँकेचं कर्ज, बचत, जमेल तसं.

ते साडेतीन लाख कुठून येतात ते मी एका घरात बघितलंय. मावशी मांडीवर सूप घेऊन भिंतीला टेकून बसलेल्या. भिजवलेलं तेंदूपान कात्रीने मापात कापायचं, चिमूटभर तंबाखू, दोन्ही हातांच्या बोटांनी वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा बांधायचा. बोलताना हात एकदाही थांबला नाही. हजार विड्या झाल्या की त्या दिवसाची मजुरी. कारखान्यात माल दिला की तपासताना काही बाजूला निघतात, त्यांचे पैसे नाहीत. त्यातूनच घराचा हप्ता. भिंतीवर खिळ्याला एक प्लॅस्टिकची पिशवी टांगलेली होती, त्यात घराचे सगळे कागद. मावशी म्हणाल्या, "आग लागली तर आधी ती पिशवी काढायची असं पोरांना सांगून ठेवलंय."

घरकुलाला हे असं माणूस लागतं. मजुरी तुटपुंजी का असेना, पण बांधलेली आहे. कार्ड आहे, संघटना आहे, बँकेत खातं आहे, एकाच पत्त्यावर वर्षं काढलीत. रे नगर ही बेघरांसाठीची योजना आहे हे खरं, पण ती कमावत्या बेघरांसाठी आहे. स्टेशनवरच्या आजोबांकडे यातलं काहीच नव्हतं. हमाली सुटली ती गुडघे गेल्यामुळे. त्याआधी यंत्रमागावर होते. कारखाना बंद पडला तेव्हा मालकाच्या आवारातली झोपायची जागाही गेली. काम आणि छप्पर एकाच दिवशी.

असं सोलापुरात नव्याने घडत नाही. 1877 ची जुनी मिल, मग लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, एकेक भोंगा बंद होत गेला तसं माणसांचं कामाबरोबरच राहण्याचंही मोडत गेलं. म्हणून मला निवारा हा विषय उपजीविका अभियानात घातला हे पटतं. रस्त्यावरचा माणूस बहुतेक वेळा आधी बेकार झालेला असतो आणि मग बेघर. त्याला आधी काम परत मिळालं तर भाड्याची खोली तो स्वतः बघतो.

दूरच्या घराने हा प्रश्न का सुटत नाही, हे 1985 मध्येच सर्वोच्च न्यायालयासमोर आलं होतं. मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या बाजूने पत्रकार ओल्गा टेलिस गेल्या होत्या. माणूस फुटपाथवर राहतो कारण काम तिथे आहे, आणि उपजीविका हिरावणं म्हणजे जगणंच हिरावणं, हे न्यायालयाने मान्य केलं. कुंभारीहून मार्केट यार्डात पहाटे चारला हमालीला पोचायचं तर कसं, हा प्रश्न रे नगरच्या कितीतरी घरांत आजही आहे. ज्याची रोजची हजेरीच ठरलेली नाही त्याला तो जास्त जाचतो.

आणखी एक घोटाळा होतो, आणि तो सगळ्यात जास्त नुकसान करतो. रस्त्यावरची माणसं निवाऱ्याला भिक्षेकरी गृह समजतात. 1959 च्या भीक प्रतिबंध कायद्यात भीक मागताना धरलं तर न्यायालयापुढे उभं करून एक ते तीन वर्षं तिथे ठेवता येतं. ती कोठडीच. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये हा कायदा दिल्लीपुरता बहुतांशी मोडीत काढला; महाराष्ट्रात तो आहे. त्यामुळे रात्री गाडी आली, 'चला निवाऱ्यात' म्हणाली, की म्हातारी माणसं पळतात. निवाऱ्यात कुणी कोंडत नाही. आपल्या पायाने जायचं, आपल्या पायाने निघायचं. हे समोरच्याच्या शेजारी बसून, शांतपणे सांगावं लागतं. गाडीच्या खिडकीतून सांगून पटत नाही.

तर कुणाला कुठे न्यायचं? भाड्याने किंवा झोपडीत राहणारं, कमावतं, कागद असलेलं कुटुंब असेल तर महापालिकेत आवास योजनेचा कक्ष. उत्पन्नाचा दाखला, आधार, बँकेचं पासबुक आणि पक्कं घर नसल्याचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा. घर बाईच्या नावे किंवा दोघांच्या नावे होतं, तेव्हा तिचे कागद आधी नीट करा. माहेरचं नाव आणि सासरचं नाव यांच्या गोंधळात बरेच अर्ज अडकतात. उघड्यावर झोपणारा माणूस असेल तर थेट निवारा केंद्र. तिथे कागद नाहीत म्हणून कुणाला परत पाठवायचं नसतं. उलट आधार, रेशनकार्ड, निराधार पेन्शन, दवाखाना ही कामं निवाऱ्याने करून द्यायची, असं योजनेतच आहे. एकदा निवाऱ्याचा पत्ता मिळाला की आधार निघतं, आधार निघालं की पासबुक, आणि मग घरकुलाच्या अर्जाला काही अर्थ येतो. निवाऱ्यातून घरकुलाकडे जायचा रस्ता आहे तो असा. आजोबांना लोकांनी तो उलट्या टोकाने चालायला लावला होता.

त्या रात्री आम्ही त्यांना हेच सांगितलं. त्यांनी तीन वेळा विचारलं, "सकाळी सोडत्यात का?" मग पावती परत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली, पिशवीच्या तळाशी घातली आणि म्हणाले, "ही फेकायची नाही ना ओ?" म्हटलं, नाही आजोबा, ठेवा. पुढे लागणार आहे.